तिसरा अंक सैल

मंडळाच्या वार्षिक अंकात, पान अठरावर,
मी एवढंच लिहिलं होतं:
'तिसरा अंक सैल पडतो,
आणि आईचे डोळे
प्रसंगाच्या दोन वाक्यं आधीच भरून येतात.'
बाकी पाऊण पान कौतुक होतं.
ते कुणी वाचलं नाही.

मनामा लहान गाव आहे.
चारी बाजूंनी पाणी, त्यामुळे शब्द कुठे जात नाही,
बेटाला वळसा घालून
आपल्याच दाराची बेल वाजवतो.

कोल्ड स्टोअरमध्ये विशाखा टिपणीस
दह्याच्या डब्यावरची तारीख वाचत होत्या.
मला पाहून म्हणाल्या,
'हेसुद्धा दोन दिवस आधीच आंबलंय वाटतं,'
आणि डबा फळीवर परत ठेवला,
जरा जोरात.

डॉक्टर हर्षे, दिग्दर्शक, पोटापाण्याला दातांचे डॉक्टर,
माझी दाढ अर्धी कोरून थांबले.
'सैल म्हणजे नेमकं काय हो?'
माझ्या तोंडात कापूस होता
आणि त्यांच्या हातात यंत्र.

भागवतांचा फोन आला: 'झकास ठोकलंत!'
भागवत माझ्याच रांगेत होते,
तिसऱ्या अंकात घोरत.
ही शाबासकी मला दाढेपेक्षा जास्त लागली.

बायको म्हणाली, 'खरं होतं रे.
पण हळदीकुंकवाला मला जायचं असतं.'

आणि बावतिस लोपीस,
ज्यानं शाळेच्या हॉलमधल्या चार दिव्यांना
पतंगाचा कागद चिकटवून
वसईची संध्याकाळ आणली होती,
तो पार्किंगमध्ये गाडीची काच पुसत म्हणाला,
'माझं नाव राहिलं ना.
निदान वाईट तरी लिहायचं होतंत.'

तेव्हापासून मी काही लिहिलं नाही.
कारखान्याचा हिशेब तेवढा लिहिला,
त्याच्यावर कुणी रुसत नाही.

मग एकदा गेटवर, बसच्या रांगेत,
सगुण धुरी. हेल्मेट काखेत, अंक हातात,
मुखपृष्ठावर चहाचा गोल डाग.
'तुमीच मा ते पान अठरावाले?
आमी नाटक बघूक नाय. पाच दिनार तिकीट,
त्यात नाइट शिफ्ट.
पण तुमचां लिवलेलां वाचलां, खोलीतल्या बाराजणांनी.
सगळ्यांचां म्हणणां एकच:
तुमचां चुकलां.'

न बघितलेल्या नाटकाबद्दल?

'साहेब, माझी आवस
मी माळ्यारची बॅग खाली काढूच्या आदीच रडता.
मगे ती काय नाटक करता?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बस आली. तो चढला. खिडकीतून ओरडला,
'शुक्रवारी येवा, सित्राक!'

गेलो.
कॅम्पच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमधून,
त्यांनी तिसरा अंक उभा केला.
संहिता नव्हतीच. दशावतार बघत वाढलेली माणसं,
त्यांना कागद लागत नाही,
माझं पाऊण पान पुरलं.
आई झाला होता सहा फुटी वेल्डर,
डोक्यावर गुत्र्याचा पदर,
मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग.
मुलगा 'येतो' म्हणायच्या कितीतरी आधी
त्याचा चेहरा ओला.
घाम असेल. जुलै होता.

मग कुणीतरी वाक्य विसरला.
सगळे नुसते उभे.
लांब रिफायनरीच्या धुराड्यावर ज्योत हलत होती,
आणि रंगाच्या डब्यावर बसून मी
त्या थांबण्याची लांबी मोजत होतो.
मोजणं सुटत नाही.

'आता लिवा,' सगुण म्हणाला. 'रोखठोक.'

रात्री लिहिलं.
तिसरा अंक सैलच होता,
तेही लिहिलं.
डोळ्यांबद्दलची ओळ मागे घेतली,
विशाखाबाईंना ती कुठल्या तोंडानं सांगू, ठरलं नाही.
पण सगळ्यात वर, पहिल्या ओळीत,
त्या पोराचं नाव घातलं
जो अख्खा वेळ पाण्याच्या टाकीवर उभा राहून
मोबाइलचा उजेड धरत होता.
निघताना मुद्दाम विचारलं होतं.
तो हात झटकत म्हणाला,
'माझां नाव कित्याक?'