नळाशेजारचा फळा

आमच्या बोळाच्या तोंडाला, नळाशेजारी, एक फळा आहे.
शाळेतून मोडीत निघालेला. डाव्या कोपऱ्यात
अजून सातचा पाढा पुसट दिसतो.
सात सक्कं बेचाळीस. त्यावर आजवर कुणी वाद घातलेला नाही.

पहिल्यांदा मी एवढंच लिहिलं होतं:
'पाणी उद्या नाही, परवा. पहाटे तीनला. – मल्लेशम येलदी.'
संध्याकाळी खाली कुणीतरी:
'मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास.'
नाव नव्हतं. मी पुसलं नाही.
खाली लिहिलं, 'खरंय, चुकलो होतो. पण नाव लिही की बे,
घरी येऊन माफी मागतो.'
दुसऱ्या दिवशी नाव आलं. माझ्या भिंतीपलीकडचंच.

मग खडू पुरेना.
अनसूयाबाई गुर्रम कारखान्यातून परत येताना
सूप काखेत धरून लिहून जाई:
'हजार विड्यांत दीडशे छाट. का?'
मुकादमानं लिहिलं, 'पानं भोकाची होती.'
खाली तिसरंच अक्षर, बारीक:
'पानं दिली कुणी होती?'
त्याखाली आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही.
ती रिकामी जागाही मी पुसली नाही.

मे महिन्यात रझिया बागवाननं लिहिलं.
सरळ अक्षर, नर्सिंगला आहे ती:
'चिट्ट्यालांचे चार माग रात्रभर धडधडतात.
माझी परीक्षा आहे. अब्बांना झोप नाही.'
मी घाबरलो. म्हटलं, आता पेटतंय.
हात फडक्याकडे गेला, खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात चिट्ट्यालच आला,
भुवयांवर सुताचा भुगा, बनियन घामानं चिकटलेलं,
दोनदा लिहिलं, दोनदा स्वतःच पुसलं
(पहिलं काय होतं ते मी वाचलंय. सांगणार नाही),
तिसऱ्यांदा: 'दिवसा लाईट जाते. दोनशे चादरींची ऑर्डर आहे.
बँकेला रात्र-दिवस कळत नाही. तूच सांग पोरी.'

'बारा ते पाच सोडा.'
'एक ते चार.'
मधेच कुणीतरी कन्नडमध्ये एक ओळ घातली.
मला येत नाही, मी तर तेलुगूही नुसतं बोलतो.
शिवलिंगव्वानं वाचून दाखवली:
'माग थांबला की माझं बाळ उठतं. माझंही धरा.'
बोळ हसला.
हसला म्हणून वाद मिटला असं नाही,
पण दुसऱ्या दिवशी अक्षरं जरा लहान झाली,
आणि दाबून लिहिल्यानं मोडलेले खडू कमी सापडले.

एक ते चार ठरलं. पाळलं जातं, बहुतेक.
पाळलं नाही की फळ्यावर फक्त: '१.४०. र. बा.'
आणि सकाळी त्याखाली:
'गठ्ठा सहाला निघायचा होता. चि.'

परवा रात्री अख्ख्या पूर्व भागाची लाईट गेली.
माग गप्प, पंखे गप्प,
भिंतीला पाठ टेकावी तर दुपारचं ऊन अजून आतच.
सगळे बाहेर. बाळ रडत होतं, म्हणजे शिवलिंगव्वा खरं बोलली होती.
चिट्ट्याल एका पायरीवर, रझिया समोरच्या,
मधे फळा, अंधारात काळ्यावर काळा.
दोन महिने इतकं भांडलेली माणसं,
आणि तोंडानं बोलायची वेळ आली तेव्हा
तो म्हणाला, 'जेवलीस का?'
ती म्हणाली, 'हो. तुम्ही?'
पुढे काही सुचेना दोघांनाही.
मी उगाच खोकलो.

लाईट आली. चिट्ट्याल उठला,
दारात थांबला, मागे पाहिलं, आत गेला.
चारही माग एकदम सुरू. बाळ गप्प.

सकाळी पाहिलं तर:
'१.४५. र. बा. आज चालेल.'

खाली मी, जागा उरली होती म्हणून:
'पाणी आज आहे म्हणतात.
खात्री नाही. – म. ये.'