गल्ला बरा झाला

निशिगंधानं मोबाईलवर घालून दिलं. म्हणाली,
मावशी, वेळ जाईल तुझा.
वेळेचं काय, तो जातच होता.
उघडून बघते तर हॉटेल निघालं, एवढंसं, नदीकाठी,
कौलांवर शेवाळ, दारात कंदील,
आत चार टेबलं आणि एक मांजर
जिला कोणी हाकलत नाही.

पाटीवर नाव घाला म्हणालं.
घातलं : अन्नदा भोजनालय.
गेमला मराठी वाचता येत नाही.
पाटीवर उमटल्या नुसत्या चौकटी,
एकीला लागून एक, रिकाम्या.
राहू दिल्या.
माझ्यापुरतं वाचता येतं.

खरं अन्नदा ऐरोलीत होतं,
काचेच्या कंपन्यांकडे तोंड करून,
सतरा बाय दहाचा गाळा.
एक ते अडीच मान वर करायची सोय नाही.
गळ्यात पट्टेवाली पोरं
पट्टा खिशात कोंबून बसायची,
ओळखपत्र वरणात बुडू नये म्हणून.
एकाचं बुडालंच. निवृत्तीनं पोळ्या लाटता लाटता
ते फडक्यानं पुसून दिलं, वर म्हणाला,
साहेब, फोटो आता जास्त चांगला आलाय.

इथं गिऱ्हाईक म्हणजे चष्मेवालं साळिंदर,
एक कोल्हीण दोन पोरांसकट,
आणि एक बेडूक, रोज येणारा, रोज तेच सूप.
प्रत्येकाच्या डोक्यावर तीन बदाम.
उशीर झाला की एक बदाम फिका पडतो,
मग दुसरा.
आम्हाला कुठले बदाम!
चमचा वाजला की ओळखायचं,
मान घड्याळाकडे वळली की ओळखायचं,
आणि जो काहीच करत नाही
त्याला सगळ्यात आधी वाढायचं.
तो न बोलता जेवतो
आणि उद्यापासून येत नाही.

सिलिंडर संपत नाही इथं.
पहाटे चारला वाशी मार्केटात
कांद्याच्या गोणीवरून वाद नाही.
मासळीला वास नाही, कढईला बूड नाही,
ताट आपलं आपण चमकतं आणि टिंग करतं.
पालिकेचा माणूस येत नाही.
आलाच तर ससा असेल,
सूप पिऊन पैसे ठेवून जाईल.
एकटीच हसते मी अंधारात.

गाजर चिरलं की चिरलं.
कोणी म्हणत नाही, काल हात जरा वेगळा होता.
एवढंच आवडत असेल मला, दुसरं काही नाही.

उधारीची वही मात्र शोधली.
सगळी बटणं दाबून पाहिली :
पडदे बदला, खुर्च्या बदला, भाव वाढवा.
'लिहून ठेवा काकी' कुठंच नाही.
लातूरचा गजेंद्र, अकराशे चाळीस.
मार्चात चार दिवसांसाठी गावी गेला, लॅपटॉप घेऊन.
मग सगळेच घरून काम करायला लागले,
घरचंच जेवायला लागले.
चांगलंच की. पोरांना आईच्या हातचं मिळालं,
कसं वाईट म्हणू?
वही आहे अजून, पिठाच्या डब्यामागं.
पैशासाठी नाही.
त्याच्या नावापुढं मी लिहिलंय : कांदा नको.

रात्री दहाला गेममधलं शटर उतरतं,
मुकाट, पापणीसारखं.
हे मला पटत नाही.
शटर कसं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कळलं पाहिजे
की बाई चालल्या घरी.
म्हणून मीच करते तोंडानं, हळूच,
घर्रर्र,
आणि शेवटी धाड.

मग हिशेब येतो.
नाणी तीनशे चाळीस. तोटा शून्य.
इतकं गोल, गुटगुटीत शून्य
मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.
हे झोपलेत, तरी सांगते,
ऐकलंत का, आज गल्ला बरा झाला.

हे कुशीवर वळतात.
झोपेतच विचारतात,
गॅस बंद केलास?

मी उठते.
जाऊन बघते.