थान म्हण

पौषातली दुपार. केरीच्या मांडावर
रात्री धालो व्हायचा, म्हणून सारवलेलं अंगण अजून ओलसर.
त्यावर कोणी पाय देईना.
तक्ता टांगला फणसाला,
खुर्च्या मांडल्या शेजारच्या पडवीत.

पणजीहून कदंबने चार पोरं आली होती.
त्यातला वेंझिल, साळगावचा, एकोणीस वर्षांचा,
कपाळावर मुरमं, हातात रबराची उशी,
तिच्यात कुठंतरी गाठ लपवलेली.
विचारलं, कशाला आलास रे एवढ्या लांब?
म्हणाला, एनएसएसचे तास भरायचेत, माई.
मला आवडला. खोटं बोलला नाही.

मग तक्त्याकडे वळला.
'महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून
आपण आपली… आपला तो… हा जो भाग आहे…'
बायका पदरात हसल्या.
गुणाबाय सगळ्यांत मोठ्यानं.
तक्त्यावर छापलं होतं 'स्तन',
आमच्या गावात कोणी कधी तोंडात न घातलेला शब्द,
पोथीतसुद्धा आला तर भटजी खाकरतात.
पोरगा कानापर्यंत लाल, पिकल्या भिरंडेसारखा.

मी उठले.
'थान म्हण,' म्हटलं.
'लेकरू लुचतं ते थान.
गाईचं म्हणतोस, आईचं म्हणायला काय जातं?
मला दोन होती. आता एक आहे.
ह्या बाजूला सुती पुरचुंडी, आत मोहरी, वजनाला.
नाहीतर कलते मी,
एकच घागर लावलेली कावड.'

हसू थांबलं.
कोंबडी तेवढी खुर्च्यांखालून फिरत राहिली.

सांगितलं मग सगळं.
सहा वर्षांपूर्वी, काजूचे दिवस,
बोंडू वेचताना फांदीला अडकला पदर,
सोडवायला गेलेला हात काखेशी थांबला.
भिरंडेच्या बी एवढी.
अकरा महिने सांभाळली मी ती,
मुलीच्या लग्नाचं सोनं सांभाळावं तशी,
कोणाला न दाखवता.
बांबोळीची डॉक्टरीण रागावली नाही.
एवढंच विचारलं, कधीपासून?
मी तारीख सांगितली.
तारीख पाठ होती मला.
तेव्हा मात्र तिनं पेन खाली ठेवलं.

उशी हातोहात फिरू लागली.
पहिली सापडली ती सरस्वतीच्या बोटांना,
तिनं शेजारणीचं बोट धरून नेलं तिथं,
तांदळातला खडा दाखवावा तसं.

शेवटची बस गेली. पोरं राहिली.
नाचणीची भाकरी खाल्ली, सुक्या बांगड्यानं घाम फुटला त्यांना.
रात्री मांडावर दोन रांगा.
माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
भिंतीवर बोटांनी चढायला शिकवलं होतं त्यांनी,
खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचले, पुढे नाही.
पण धालोत हात गुंफायचे कमरेमागून.
तेवढं जमतं.
पलीकडे पोरांतली शर्वाणी होती.
तिच्या पाठीवर माझी बोटं, तिला पावलं येईनात,
वाकायचं तेव्हा ताठ, ताठ व्हायचं तेव्हा वाकलेली,
आणि कोणाला त्याचं काही नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावर गुणाबायनं निरोप धाडला.
चुलीपाशी बसून चोळी सोडली,
म्हणाली, तू बघ, माझे हात थरथरतात.
मी पाहिलं.
काही बोलले नाही. फोन लावला.

बुधवारी बांबोळीत वेंझिल आमच्याआधी हजर,
टोकन घेऊन, सत्तेचाळीस नंबर.
त्याचे तास तर कधीच भरले होते.
खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, कसली तक्रार?
मागे रांग होती, चार पुरुष, एक नवी नवरी.
'थानांत गांठ,' पोरगा म्हणाला,
सुटे पैसे मागावेत इतक्या साध्या आवाजात.
त्या माणसानं लिहून घेतलं.

गुणाबाय आत गेली.
दार लागलं.
मी पिशवीतली मोहरीची पुरचुंडी चाचपली,
एक जास्तीची शिवून आणली होती,
मग वाटलं, आजच कशाला, आणि परत तळाशी सारली.
वेंझिल बाकाच्या कडेवर बसून घड्याळ बघत होता.
म्हणाला, माई, सकाळपासून काही खाल्लं नाही,
बाहेर गाड्यावर मिरची-पाव मिळतो.
तू जा, म्हटलं.
तो उठला, दाराकडे बघितलं,
आणि बसला.