वजनाचा भाव

कंडक्टरला कान असतो.
आर्वी-पुलगाव, आर्वी-कारंजा, एकोणतीस वर्षं
चामड्याच्या पिशवीत हात घालून
न बघता सांगायचो, अधेली कोणती, रुपया कोणता,
आणि गर्दीत कुणी सरकवलेला खोटा कोणता.

पहिला राणीछाप मला तिकिटाच्या पैशात मिळाला,
असं मी सगळ्यांना सांगतो.
खरं नाही ते.
तळेगावच्या बाजारात मोडवाल्याच्या परातीत पडला होता,
काळा, चुलीतून काढल्यासारखा.
पायरीच्या दगडावर टाकला तर वाजला,
आणि मी उचलून घेईपर्यंत वाजत राहिला.
त्या आठवड्याचा भत्ता तिथेच गेला.

बरोबरच्यांनी वर्ध्याला प्लॉट घेतले,
विम्याचे हप्ते भरले, भिशीत बुडाले.
मी जमेल तसा एक-एक तोळा.
सरकारी टांकसाळीचा माल,
घट नाही, घडणावळ नाही,
सोनाराच्या तोंडाकडे बघत बसणं नाही.
सालाखालचा बारीक ठिपका म्हणजे मुंबई,
ठिपका नाही म्हणजे कलकत्ता.
चाळीसनंतरच्या राजावर भरवसा ठेवायचा नाही,
त्यात अर्धी चांदी, अर्धी लढाई.

एक दहा रुपयांचं नाणं आहे, त्र्याहत्तर सालचं.
लोक रांगेत उभे राहून लाल मिलो आणत होते
आणि सरकारनं चांदीवर लिहिलं,
अन्न जास्त पिकवा.
ते मी चारशेला घेतलं.
त्याच्यावर अजून दहाच लिहिलेलं आहे.

एकशे अकरा झाली.
जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक गुंडाळून
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.
पुसायची नाहीत, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं,
कारण आहेत हेच सांगितलं नव्हतं.

पंचफुलाला माहीत होतं.
धनतेरसला मी डेपोत पेन्शनच्या कागदासाठी गेलो,
आलो तर पाटावर लख्ख उजेड.
चिंच, राख, नारळाची शेंडी,
आणि एकशे अकरा राजे-राण्या
नुकत्या न्हाऊ घातलेल्या पोरांसारख्या
ओळीनं बसलेल्या.
मी उभाच.
ती म्हणाली,
"काऊन असे पाह्यता? काळ्या लक्ष्मीची पूजा करतेत काय जी?"

इतवारीतल्या माणसानं भिंग लावलं,
मग भिंग खाली ठेवलं.
"घासली काका तुम्ही.
ह्या पाचला मी सांगाल तो भाव दिला असता.
आता वजनाचा भाव."
शंभर-सव्वाशे वर्षांचं काळेपण,
किती कमरांचा घाम, किती मडक्यांतली माती,
तिनं दुपारच्या दोन तासांत उतरवलं होतं
आणि हात दुखतात म्हणून तेल लावून बसली होती.

वजनाचा भावही कमी नव्हता, खोटं कशाला बोलू.
मी प्लॉटवाल्यांना भेटायला मुद्दाम गेलो त्या महिन्यात.
पण विकलं एकही नाही.
काट्यावर घातलं तेव्हा
एकेक नाणं केसभर हलकं भरलं.
केसभर गुणिले एकशे अकरा,
हा हिशोब मी तिकिटाच्या मागे मांडला.
म्हणजे गुंजा-दोन गुंजा चांदी
आमच्या मोरीतून वाहून
मागच्या केळीच्या आळ्यात गेली.

पंचफुलाला हे सांगितलं नाही.
रोज सकाळी दात घासताना
मी त्या केळीकडे बघतो.
परवा कमळ बाहेर आलं.
ती म्हणाली, "भाजी करतो."
मी म्हणालो, थांब,
मोठं होऊ दे थोडं.