आवाज बसलेली जागा

पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं
माझ्या खिशात असतं, खर्चायचं नसतं.
त्याने मी होड्या वाजवते.

देवगडला, बर्फाच्या कारखान्यामागे माझी शेड.
होडी वर ओढतात, तळाला धरलेली कालवं खरवडतात,
मग कोणीतरी हाक मारतंच:
"गे कोयंडेबाय, जरा वाजवन बघ."

टक. टक. टक.
थरांनी थर धरलाय तिथे आवाज कोरडा, नीट.
सुटलाय तिथे तो बसतो, पडसं झाल्यासारखा.
तिथे खडूने गोल.
फणसही असाच वाजवतात,
पण फणसाचा आवाज बसला की घरात आनंद.

बाप सुतार. त्याची राळ झाडाची,
माझी निळ्या पिंपातून येते, डोळ्यांना झोंबते.
तो म्हणायचा, "लाकूड उभ्यान वझा घेता, आडव्यान फाटता."
म्हणून मी काचेचं कापड
एक थर उभं टाकते, एक आडवं, एक तिरकं.
लाट कुठून येणार हे
तिने आजवर कोणाला सांगितलंय?

नुसती काच बोटात रुतते, वाकवली तर मोडते.
नुसती राळ खापरासारखी तडकते.
दोघींना एकत्र भिजवलं की
चीर निघते, धाग्यापाशी येते, अडते, वळते,
पुन्हा धागा, पुन्हा वळण,
आणि अशी वळता वळता दमते.
तिला दमवायचं, एवढीच माझी कला.
बाकी सगळं माप: हार्डनर जास्त झाला
तर बादली हातातच तापून धुमसते,
हवा ओली असली तर थर दिसतो सुकलेला
आणि आत रुसून बसतो.

गेल्या माघात पुण्याची मृदुला दामले आली,
टेकडीवरच्या पवनचक्कीची पाती तपासायला.
तीही काचेचीच, माझ्या होड्यांच्या उंच बहिणी.
संध्याकाळी बांगडे घ्यायला खाली उतरली,
माझं नाणं पाहिलं, हातात घेऊन वजन केलं,
आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आली.
पोटावर जेल लावून बाळ बघतात ना,
तसं तिने "रवळनाथ प्रसाद"चं पोट बघितलं.

माझे अकरा गोल.
नऊ बरोबर. दोन उगाच.
मी मनातल्या मनात मिशीला पीळ भरणार
तोच ती कण्यापाशी थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली.
गोल नव्हता तिथे.
सहाव्या थराखाली तळहाताएवढी फट,
आत समुद्राचं पाणी, कधीपासूनचं कोण जाणे.

मी नाणं काढलं. वाजवलं.
चांगला आवाज. खणखणीत.
परत वाजवलं. तरी चांगलाच.

ती काही बोलली नाही.
तो थर कोणी टाकला, तिने विचारलं नाही,
मी सांगितलंही नाही.
पण मला दिवस आठवत होता:
दाजी मुणगेकर दारात उभा, मोसम तोंडावर,
आकाश भरलेलं, आणि मी म्हटलेलं,
"सुकला हो, घेवन जा."

ग्राइंडर लावला. कापून काढलं ते सगळं.
काचेची धूळ मानेत, पापण्यांत, पोळीच्या डब्यात.
रात्रभर अंग खाजत होतं
आणि खिडकीतून दिवे दिसत होते, दूर, जाळ्यांवर थांबलेले.
बत्तीस होड्या केल्या मी आजवर.
त्यातल्या सव्वीस पाण्यात आहेत.
सगळ्यांचा आवाज चांगला आहे.

नाणं अजून खिशातच असतं.
अजून हाक येते, अजून मी वाकते, कान लावते.
फक्त हल्ली
वाजवून झाल्यावर
लगेच काही बोलत नाही.