दुसऱ्या फोनवर चालू आहे

दोंडाईचात मिरचीच्या हंगामात
काउंटरवर आलेला प्रत्येक फोन
मी आधी ओल्या फडक्याने पुसतो.
एकदा न पुसता डोळ्याला हात लावला,
अर्धा दिवस दुकान बंद.

हिलाल आप्पा, मार्केट यार्डातले मापाडी.
बोलणंही मापून.
"गाना मजारच थांबी जास,"
आणि गप्प.

विचारायचं ते सगळं विचारलं.
एकच गाणं थांबतं की सगळी? सगळी.
यार्डात की घरीही? घर बी.
बंद करून चालू केला? मान हलली.
बॅटरी वाचवायचं बटण चालू होतं, बंद केलं.
नेटवरचा लगाम काढला.
साठलेला कचरा झाडला,
दोन वर्षांचा होता.
ॲप उडवून नव्याने टाकावं म्हटलं,
पासवर्ड काय?

आप्पांनी वर पत्र्याकडे पाहिलं.
"आंडेरनी टाकेल शे."
त्यांच्या तोंडून लेकीचा शब्द
अख्ख्या गल्लीने एवढ्यात ऐकला नव्हता.
मी फडकं उगाच पुन्हा फिरवलं.

मग सहज विचारलं,
मध्ये जाहिराती लागतात का?
नही. कधीच नही.
तिथे माझा हात थांबला.
फुकट ऐकणाऱ्याला दर दोन गाण्यांनी
कोणीतरी साबण विकतंच.
म्हणजे महिन्याच्या महिन्याला
कोणीतरी पैसे भरतंय.

गाणं लावून बसलो.
पथारीवरच्या बाया केव्हाच गेलेल्या,
ताडपत्रीखाली मिरची, हवेत तिचा ठसका.
सव्वानऊला गाणं तुटलं.
स्क्रीनच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं:
दुसऱ्या फोनवर चालू आहे.
खाली त्या फोनचं नाव,
नावापुढे पिवळं फूल.

उधन्याला असते ती.
ज्याच्याबरोबर गेली
त्याचं नाव त्या घरात निघत नाही.
नऊला पाळी सुटत असणार.

मी दुकानदाराच्या आवाजात समजावलं:
एका खात्यावर एका वेळी एकच फोन वाजतो.
तिने लावलं की तुमचं थांबतं,
तुम्ही लावलं की तिचं.
इलाज सोपा आहे, हे बटण,
सगळ्या फोनवरून बाहेर.
मग तुमचं वेगळं खातं काढू,
साबणासकट.

बटण त्यांनी पाहिलंच नाही.
"काय ऐकी ऱ्हायनी?"

दाखवलं.
गाण्याचं नाव, खाली सरकती रेघ,
एक मिनिट बारा, तेरा, चौदा.
काटा स्थिर व्हायची वाट बघावी
तसे आप्पा वाकले,
आणि त्यांनी बोट टेकवलं
थांबवायच्या दोन दांड्यांवर.

चुकून की मुद्दाम, मला विचारू नका.
रेघ थांबली.
कितीतरी स्टेशनं पलीकडे
एका खोलीत गाणं मध्येच तुटलं.

पाच सेकंद. रेघ चालू लागली.
आप्पांनी पुन्हा बोट टेकवलं.
आता वीस सेकंद.
फोन उलटासुलटा करत असेल, मी म्हणालो.
बंद करून चालू करेल.
नाहीच जमलं तर उद्या नेईल टपरीवर,
तिथला पोरगाही आपल्याकडचाच, शहाद्याचा नाहीतर साक्रीचा,
तोही विचारेल, जाहिराती लागतात का?

आप्पांनी वीस रुपये ठेवले.
काही दुरुस्त केलं नाही म्हटलं
तरी उचलले नाहीत.

चार दिवसांनी परत आले.
फोन ठेवला, पुसायच्या आधीच म्हणाले,
"आते थांबतच नही."
तक्रार करावी तसे.

सव्वानऊ वाजून गेले.
एक गाणं पूर्ण झालं.
दुसरं झालं.
तिसरं संपेपर्यंत आम्ही दोघं
काउंटरच्या दोन बाजूंना उभे,
साबणाची वाट बघत.

नाही आला.