ॲव्हरेज

मल्लय्या मामांनी टेम्पोची किल्ली देण्याआधी
वही दिली.
शंभर पानी, कव्हरवर डिझेलचा अंगठा,
आत नऊ वर्षांचे किलोमीटर, टाकलेले लिटर,
आणि शेवटच्या रकान्यात लाल रिफिलने भागाकार:
सतरा. सतरा दोन. सोळा नऊ. सतरा.

"पाय हलका ठेव की बे,
लिंबू पिळायलास का?"
अशोक चौकातच ओरडले.

हवा पहाटे भरायची, टायर गार असताना.
नऊ वाजले की ऊन टायरात शिरतं
आणि हवेचा काटा खोटं बोलतो.
क्लचवर पाय टेकवून बसायचं नाही,
ते पायपुसणं नव्हे.
सात रस्त्याला लाल दिव्याचे आकडे तीसच्या वर असले
तर इंजिन बंद, आणि मागच्याला वाजवू दे हॉर्न,
त्याचं डिझेल त्याच्या बापाचं.
पुढं ब्रेक मारायचाच आहे हे दिसत असताना
कशाला पळवायची गाडी?
उतारावर न्यूट्रल मात्र नाही.
"तसली बचत तेराव्याला खर्च होते."
एअर फिल्टर दर रविवारी झटकायचा,
अर्धा अक्कलकोट रोड निघतो त्यातून.
टपावरचा कॅरिअर त्यांनी भंगारात घातला होता,
रिकामाच वारा ओढतो म्हणून.

पहिल्या महिन्यात मला पंधरा पडलं.
मामांनी वही नाकाशी नेली
(दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आकडे वासावर वाचतात)
आणि त्या रात्री कडक भाकरी
जरा जास्तच मोठ्यानं मोडली.

मग एका दुपारी, एमआयडीसीत
टॉवेलचे गठ्ठे बांधून व्हायची वाट बघत
मी वही मागून पुढं चाळली.
दर महिन्याचा पहिला सोमवार:
तेरा. तेरा चार. बारा आठ. तेरा.
शेजारी कारण नाही. नुसती एक आडवी रेघ.
हा माणूस, जो पंपावर नळी झटकून
शेवटचा थेंब मागून घेतो!

पुढच्या पहिल्या सोमवारी
कुंभारी फाट्यावर एका बाईनं हात केला.
डोक्यावर विड्यांचं सूप, पिशवीत केसपेपर.
न विचारता पुढं बसली, दार दोनदा ओढून लावलं,
ते एकदाच्यानं लागत नाही हे तिला ठाऊक.
"मल्लय्या न्हाय आला?"
"डोळे."
"हां."
खोकली. काच खाली केली. "सिव्हिलला."

आधी सूप कारखान्यात उतरवलं,
मुकादमानं चार विड्या बाजूला फेकल्या,
ती काही बोलली नाही.
सिव्हिलच्या फाटकाशी मी सवयीनं किल्ली फिरवली
तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं मी चप्पल घालून देवळात शिरलोय.

"बंद नको करू.
एकदा केलती त्यानं. सेल्फच घेईना परत.
मे म्हयना. मी मागनं धक्का मारला,
ह्या झाडापासून त्या टपरीपर्यंत.
मग तिथंच बसले, दम धरून.
पावणा घंटा तो नुसता पाणी देत उभारला.
तवापासनं न्हाय बंद करत."

"पण आता नवी बॅटरी टाकलीये, लक्ष्मव्वा..."
नाव मला कुठून आलं? केसपेपरवर होतं.

"असंल," ती म्हणाली, आणि ओपीडीच्या रांगेत गेली.

दीड तास.
गिअर लिव्हर थरथरत होता,
काटा सूतभर उतरताना मला दिसला, किंवा वाटला.
तीनदा हात किल्लीकडं गेला.
तीनदा मी खिडकीबाहेर बघितलं,
ते झाड, आणि ती टपरी.
फार नाही, पस्तीस-चाळीस पावलं.

रात्री मामांनी विचारलं, "किती पडलं?"
"तेरा."
त्यांनी ताटातली शेंगाचटणी बोटानं गोळा केली.
"बराबर," म्हणाले.
मग थोड्या वेळानं, हात धुताना,
"हवा बघितलास का सकाळी?"